आधी पाणी बघ

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही पहाटे सुखरूप पोचलात, चिऊ गाडीतच झोपली होती, हे ताईकडून कळलं. सोललेले नारळ आधी वापरायला घ्या, ते टिकत नाहीत. आमसुलांना एकदा ऊन दाखवून मग बरणीत भरायला सांग. बाबांचा गुडघा तसाच आहे. रात्री तेल लावून देते, तेवढ्यापुरता थांबतो.

मी कागद घेऊन बसले ती मात्र तुझ्या त्या फोटोमुळे. ताईने काल मला तो मोठा करून दाखवला. अंजनवेलच्या दीपगृहाखालचा कातळ, हातात रॉड, तोंड आमच्याकडे, हसतोयस. ताई म्हणाली, किती छान आलाय. आलाच आहे छान. पण मी तुझ्याकडे कमी आणि तुझ्या मागे जास्त बघत होते. मागच्या खडपावर कालवांचा पांढरा पट्टा असतो ना, तो फोटोत कुठेच नाही. म्हणजे पाणी त्याच्या वर चढलं होतं, भरती पुरी व्हायला आली होती. तुझ्या पायाखालचा कातळ काळा आणि ओला आहे. त्या दिवशी पाऊस नव्हता, मी गोधड्या वाळत घातल्या होत्या. मग तो कातळ कुणी भिजवला? तू उभा होतास तिथवर एक लाट येऊन गेली होती, बाबू, आणि तू समुद्राकडे पाठ करून उभा होतास.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस, मागून चिऊ काहीतरी विचारत असते, आणि माझं बोलणं अर्ध्यात राहतं. कागद मध्ये बोलत नाही. काळजीचं एवढंच लिहिते आणि पुढे दुसरं लिहिते, कारण दिवाळीच्या सुट्टीत तू चिऊला मासे गरवायला घेऊन येणार आहेस आणि त्याचा मला आनंद आहे. ती सात वर्षांची झाली. खाडी म्हणजे पुलावरून गाडीच्या काचेतून दिसणारं पाणी, एवढीच तिची ओळख राहू नये.

मे महिन्यात आपण तिला होडीतून आतल्या खाडीत नेलं होतं, ते मी अजून घोळवत असते. ओहोटी नुकती लागली होती. चिखल उघडा पडायला लागला तशा निवट्या बाहेर आल्या आणि फरफटत, उड्या मारत इकडून तिकडे पळायला लागल्या. मासा असून पाण्याबाहेर कशी राहते, असं चिऊने विचारलं. अंग ओलं असेपर्यंत ती कातडीतूनही श्वास घेते, हे तू सांगितलंस तेव्हा मीही ऐकत होते. इतकी वर्षं निवट्यांचं कालवण केलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग ते खेकडे, एक डेंगा एवढासा आणि दुसरा अंगाएवढा, तो मोठा डेंगा वरखाली हलवत बिळाच्या तोंडाशी उभे. चिऊला वाटलं ते तिलाच बोलावताहेत. आपण तिला तसंच वाटू दिलं.

कांदळाच्या झाडाला लोंबणाऱ्या लांब शेंगा तिने धरून बघितल्या. त्या शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेलं रोप आहे, पिकलं की टोकाने खाली पडतं आणि चिखलात उभंच रुततं, हे तू तिला इतकं हळू आवाजात सांगत होतास की वल्ह्याचं पाणी ठिबकलेलं ऐकू येत होतं. पलीकडे चिप्पी होती. पांढरी चिप्पी 2020 साली आपल्या राज्याचा कांदळवृक्ष ठरली, हेही तूच सांगितलंस. मला तेव्हा सासूबाई आठवल्या. चिप्पीच्या फांदीला कुणी कोयता लावला की त्या ओट्यावरून ओरडायच्या. त्यांना राज्याचा वृक्ष वगैरे काही माहीत नव्हतं. उधाणाचं पाणी आलं की ही झाडं बांध वाचवतात, एवढं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

आणि मग ती काळुंदरं. तू गरीला सुंगट लावलं होतंस, तंगूस सोडणार तेवढ्यात थांबलास. मुळांपाशी उथळ पाण्यात जोडी होती आणि त्यांच्या पोटाखाली पिल्लांचा धुरकट पुंजका. एक या अंगाला, एक त्या अंगाला. जरा कुठला मासा जवळ आला की दोघांतला एक त्याच्या अंगावर धावून जाई आणि लगेच परत जागेवर. तू तंगूस गुंडाळलंस, होडी मागे घेतलीस आणि चिऊच्या कानाशी म्हणालास, "इथे नको, यांची पोरं लहान आहेत." मी होडीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तुझे आजोबाही जोडी दिसली की गरी टाकत नसत. पण ते गेले तेव्हा तू पाच वर्षांचा. त्यांनी तुला ते सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. तुझं तू बघितलंस आणि तुझं तू ठरवलंस. त्या संध्याकाळी मी शेजारी दोन घरी जाऊन हे सांगितलं. मासे किती मिळाले असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मासे राहू देत, तुम्ही हे ऐका.

असं बघणारा माझा मुलगा. मग त्या कातळावर तू का बघितलं नाहीस?

आलंच बघ परत. नको म्हटलं तरी येतंय, तर आता नीटच लिहून टाकते.

माझं माहेर वर, पोफळीच्या अंगाला. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून येतं, वीज करतं आणि तिथे आमच्याकडे बाहेर पडून वाशिष्ठीला मिळतं. भर वैशाखातसुद्धा आमच्या नदीला पाणी असायचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तुझ्या माहेरचंच पाणी आहे हे, खाली येऊन खारट झालंय. मला नदी कळत होती, समुद्र कळत नव्हता. पहिल्यांदा त्यांनी मला कालवं काढायला खडपावर नेलं तेव्हा कोयती हातात दिलीच नाही. वरच्या कोरड्या दगडावर बसवलं आणि म्हणाल्या, पाणी बघ. स्वतः चंची सोडून विडा लावायला बसल्या. सुपारी कातरून, विडा लावून, तो तोंडात विरघळेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. मला कंटाळा आला होता, हे खरं. पण तेवढ्या वेळात दहा-बारा बारीक लाटा आल्या, मग लागोपाठ तीन मोठ्या आल्या, आणि तिसरी लाट मी जिथे उतरायला निघाले होते त्या दगडावरून पार पलीकडे गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. विड्याची पिंक टाकली आणि दुसरीकडून उतरल्या.

लाटा अशाच येतात. बारीक बारीक येत राहतात, माणसाला वाटतं हा समुद्र एवढाच, आणि मग मोठ्यांचा एक घोळका येतो. दोन मिनिटं बघून निघालेल्याला तो घोळका दिसलेलाच नसतो. म्हणून आधी अर्धा तास बसायचं. रॉड पिशवीतच ठेवायचा. सगळ्यांत मोठी लाट कुठवर चढली ते बघायचं, आणि तिथून पुरुषभर वर जागा धरायची. मासा लांब राहिला तर राहू दे, गरी लांब जाते.

आणि कातळ स्वतःच सांगतो. खाली शेवाळ, त्यावर कालवांचा पट्टा, त्याच्या वर त्या बारीक काळ्या गोगलगाई भेगांत चिकटलेल्या, मग नुसता कोरडा दगड, आणि मग कुठे गवताचं पातं. कालवं जिथवर आहेत तिथवर पाणी रोजचं. गोगलगाईंपर्यंत त्याचे शिंतोडे जातात. गवत जिथे तग धरून आहे तिथे खारं पाणी क्वचितच येतं. चिऊला खाली नेण्याआधी गवतापाशी बसव आणि हे पट्टे मोजायला सांग. तिला आवडेल. ती सगळं मोजते. मोजता मोजता तिला कळेल की आपण कुठे बसलोय.

तू म्हणशील, आई, नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला होता. झाला होता. 1 जूनला मासेमारीची बंदी लागते, 31 जुलैला उठते, होड्यांवरचे झाप निघतात, आपण समुद्राला नारळ देतो. नारळ दिला म्हणजे तो त्याच दिवशी निवतो असं नाही. भाद्रपदात वरून ऊन पडलेलं असतं आणि खालून पाणी अजून फुगलेलं असतं. त्यातून तू गेलास अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. इतके दिवस घरात मासा नाही, त्यामुळे तुझा जीव कासावीस झालेला, मला कळतं ते. पण पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तू नऊला घरातून निघालास. अकराच्या सुमाराला उधाणाची भरती पुरी भरलेली असणार हे लहानपणी तू मला तोंडपाठ म्हणून दाखवायचास. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. थोडं इकडेतिकडे होतं, पण फसत नाही.

चढत्या पाण्याबरोबर मासा खडपाला लागतो, तांबोशी आत शिरते, पालू येतो, गोबरा दगडाखालून बाहेर बघतो, हे मला माहीत नाही असं नाही. म्हणूनच तर भीती वाटते. मासा यायची वेळ तीच पाणी चढायची वेळ, आणि तेव्हा माणसाचं सगळं लक्ष तंगुसाच्या टोकाला असतं.

वारा नसतानाही लाट येते, हे मला नवीन कळलं. हैदराबादला ते इन्कॉइस म्हणून केंद्र आहे, त्यांचा लाटांचा इशारा आता इथल्या मच्छीमारांच्या मोबाइलवर येतो. धाकट्या काकाने मला समजावून सांगितलं. पार दक्षिणेला, हिंदी महासागराच्या टोकाला वादळ होतं आणि तिथली लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागते. विहिरीच्या एका कडेला दगड टाकला की तरंग दुसऱ्या कडेला येतो, तसं. इथे पान हलत नसतं, आभाळ निळं असतं, आणि पाणी उगाच उचललं जातं. जायच्या आदल्या रात्री तो इशारा बघत जा. तुझ्या फोनवर तो आल्यावाचून राहणार नाही, तुझ्या फोनवर काय येत नाही?

काकाचं निघालं म्हणून लिहिते. चिऊ त्याला विचारेल, काका तू आता समुद्रात का जात नाहीस. तिला आधीच सांगून ठेव. तो आता अंगणात बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करतो, ते बघू दे तिला, सुई कशी फिरते ते शिकू दे. 11 नोव्हेंबर 2009 चा दिवस, ते फयान वादळ, आम्ही कुणी त्याच्यासमोर काढत नाही. तू तेव्हा होस्टेलवर होतास. धक्क्यावर बायका कशा उभ्या होत्या ते तू बघितलं नाहीस. मी त्यांच्यात होते.

पायात नीट पकड धरणारे बूट घाल. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नकोत, पाणी भरलं की पाय जड होतात. लाइफ जॅकेट तुलाही आणि चिऊलाही. तिचं तिच्या वजनाप्रमाणे घे, मोठं घेतलंस तर ते डोक्यावरून निघून जाईल. दोरी जवळ ठेव, वीस हात तरी. कुणी पडलंच तर मागे उडी टाकायची नाही. दोरी टाकायची, रिकामा कॅन टाकायचा, मासळीचा थर्माकोलचा डबा टाकायचा, जे तरंगतं ते टाकायचं. आणि पडलेल्याने कातळाकडे यायची धडपड करायची नाही, कालवांची धार आणि लाट मिळून अंग सोलून काढतात. उलट बाहेर, मोकळ्या पाण्यात जाऊन तरंगत राहायचं. तटरक्षक दलाचा नंबर 1554, नाहीतर 112. तुझ्या फोनमध्ये टाक, सुनेच्या फोनमध्येही टाक.

बघ, शिकवणीच घेतली मी. चाळिशीला आलेल्या मुलाला बूट कुठले घाल ते सांगतेय. रागावू नकोस. तुझ्या ऑफिसात तुझ्या हाताखाली माणसं आहेत, तू त्यांना सांगत असशील, आणि इथे मी तुला. पण तू पहिल्यांदा गरवायला गेलास ते आठवतं का? शाळेतून परस्पर धक्क्यावर, काठीला गुंडाळलेलं तंगूस, आणि लागला शिंगाळा. तो सोडवताना त्याचा काटा तळहातात गेला. घरी आलास ते रडत नव्हतास, ओठ पांढरे पडले होते. मी तुझा हात गरम पाण्यात धरून बसले, सोसेल तेवढ्या गरम. दुखायचं थांबल्यावर तुझं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "आई, त्याला मिशा आहेत." मी मारणार होते. हात उचललाच गेला नाही.

आणि ती थंडीतली रात्र. बाबा रात्रपाळीला होते, मी पलीकडून दाभोळहून आत्याकडचं आटपून तुला घेऊन शेवटच्या होडीने येत होते. तेव्हा गाड्या नेणारी फेरीबोट नव्हती. तू माझ्या मांडीवर पेंगलेला. वल्हं पाण्यात शिरलं की निळा उजेड फुटायचा, वल्हं वर काढलं की थेंब थेंब निळा. मी तुला उठवलं. तू हात पाण्यात घातलास आणि पाचही बोटं उजळली. होडीवाला म्हणाला, पोराला सांभाळा, वाकतंय. मी तुझी चड्डी मागून घट्ट धरून ठेवली आणि तुला वाकू दिलं. हात बाहेर काढून तू सारखा उलटसुलट करून बघत होतास. पुढे कॉलेजात गेल्यावर तू मला त्या जिवाचं नाव सांगितलंस, नॉक्टिल्युका, सुईच्या टोकाएवढा असतो, पाणी हललं की चमकतो. नाव कळल्यावर माझ्यासाठी त्यातलं काही कमी झालं नाही. मला एवढंच म्हणायचंय की मी वाकू दिलं होतं. धरून ठेवलं होतं, पण वाकू दिलं होतं. तू चिऊला घेऊन जाशील तेव्हा तसंच कर.

तुझ्याबद्दल गावात काय बोलतात ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पुण्याचा येतो, मासे धरतो आणि बारके सोडून देतो, असं म्हणतात. आधी हसायचे. मागे तू तो भला मोठा जिताडा परत सोडलास तेव्हा तर बाबाही दोन दिवस गप्प होते. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, एवढा मोठा म्हणजे अंड्यांची खाणच, हे तू धक्क्यावर सगळ्यांना सांगितलंस. आता तिथली दोन-तीन मुलं तसं बोलताना मी स्वतः ऐकली आहेत. शिवाय तू जाताना खडपात अडकलेलं सगळ्यांचं तुटकं तंगूस गोळा करून नेतोस, तेही बघतात लोक. बगळ्याच्या पायाला ते गुंडाळलेलं मी बघितलंय. पाय सुजून काळा पडला होता. उडता येत होतं, पण उतरता येत नव्हतं.

आणि 2023 साली तू मला ती बागेश्री दाखवायचास. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली कासवीण, पाठीवर यंत्र लावून सोडलेली. रोज रात्री फोन, आई आज ती कुठे पोचली. कारवार, केरळ, मग लंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. बाबांनी नातवंडांचा नकाशा भिंतीवर लावून घेतला होता, आठवतं? आपल्या वाळूतून गेलेला जीव एवढ्या लांब जातो, हे कळल्यावर मी समुद्राकडे वेगळं बघायला लागले. तोवर माझा समुद्र म्हणजे अंजनवेलपासून दाभोळपर्यंत, आणि त्यात काय मिळतं ते. तू तो मोठा केलास. हे मी तुला कधी बोलले नाही.

म्हणून सांगते, चिऊला घेऊन ये. मासा नाही लागला तरी चालेल, तिला बसायला शिकव. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि बाहेरच्या हिरव्या पाण्याला लागतं, तिथे एक रेघ दिसते. त्या रेघेवर सुरय घिरट्या घालतात आणि सूर मारतात, कारण खाली बारीक मासळी असते, आणि बारीक मासळीमागे मोठी. ज्याला ती रेघ दिसते त्याला मासा कुठे आहे ते कळतं, पाणी कुठल्या बाजूला ओढतंय ते कळतं, आणि उभं कुठे राहायचं तेही. सासूबाईंनी मला तीन वेगळ्या गोष्टी शिकवल्या नव्हत्या, एकच शिकवली होती. तुला ती येते. काळुंदरांच्या वेळी मी बघितलंय की तुला येते. फक्त त्या दिवशी पाठ फिरवून उभा राहू नको होतास.

आता हे शेवटचं, यापुढे या विषयावर अक्षर नाही.

तारखेचं मी ठरवून टाकलंय, बाबांनाही पटलं. दिवाळीच्या अमावास्येला उधाण असेल, तेव्हा तुम्ही घरीच असा, फराळ करा, किल्ला करा. कार्तिक शुद्ध अष्टमीला जाऊ. भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. सकाळी सहाच्या सुमाराला खाडी भरलेली असेल. पहिल्या दिवशी कातळ नको, आतल्या खाडीत होडीने. तिथेही हात पाण्यात सोडून बसायचं नाही, वाशिष्ठीत मगरी आहेत, वरच्या अंगाला जास्त, पण खालीही येतात. तोवर कुरव आलेले असतील, धक्क्याजवळ पांढरा थवा बसतो. संध्याकाळी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन परत येऊ. कधीकधी खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन पाठ दाखवतात, ते दिसले तर दिसले. त्या दिवशी सूर्य बुडताना अर्धा चंद्र दक्षिणेला बराच वर असतो, चिऊला मान वर करून शोधायला लाव. दुसऱ्या दिवशी, ओहोटीच्या वेळेला, खडपावर. मी येईन बरोबर. बाबा वर गवतावर बसतील, त्यांना खाली उतरवत नाही आणि ते हट्ट करणार नाहीत असं त्यांनी कबूल केलंय. तुळशीच्या लग्नाच्या आत तुम्हाला परत जायला मिळेल, चिऊची शाळा बुडायची नाही.

रॉड एकच आण, तुझा. चिऊला इतक्यात रीळ नको. मी तिला हातातलंच तंगूस धरायला देणार आहे, बोटावरून सोडलेलं. मासा आधी नुसतं हुंगतो, मग चोखतो, मग ओढतो, हे तिच्या बोटाला कळलं पाहिजे. जिवंत सुंगटं मी आदल्या संध्याकाळी काकाकडून मागवून ठेवीन. केंड, तो फुगणारा विषारी मासा, लागला तर हात न लावता परत सोडायचा, एवढं तिला येताना गाडीतच सांग. आणि येताना बाबांच्या गुडघ्याचा पट्टा आण, मागचा सैल झालाय. माप ताईकडे दिलंय.

तुझी,
आई